हुक्क या शब्दाचे साक्षीदार

१

सकाळची कॉफी झाली की उस्ताद वस्फी हुक्क उघडायचे. एकतीस वर्षांचा हा नेम होता, आणि सुट्टीच्या दिवशीही तो चुकला नव्हता.

हुक्क म्हणजे अक्रोडाच्या लाकडाची, शिंपल्याच्या तुकड्यांनी मढवलेली वीतभर पेटी. बदीआ लग्न होऊन आली तेव्हा तिच्यात अत्तराच्या दोन कुप्या, सुरमा आणि बांगड्या होत्या. वर्षाच्या आत बांगड्या कपाटात गेल्या आणि हुक्कात चिठ्ठ्या आल्या. नव्या नवरीच्या शृंगारपेटीचं असं वाटोळं करणारा नवरा अख्ख्या दमास्कसमध्ये एकच असेल, असं तिची आई मरेपर्यंत म्हणत राहिली.

उस्ताद शाळेत अरबी शिकवत, पण जीव गुंतलेला होता कोशात. ग्रंथांमधले शब्द गोळा करणारे विद्वान या शहरात पायलीला पन्नास. उस्तादांना हवे होते ते शब्द जे घराघरांत बायका बोलतात: स्वयंपाकघरात, बाळंतिणीच्या खोलीत, हमामखान्यात. आता तिथे परक्या पुरुषाला कोण घेणार? म्हणून बदीआ त्यांचे कान झाली. लिहायला तिला त्यांनीच शिकवलं. ती आधी सगळी ओळ लिहून घ्यायची आणि मग अक्षरांवरचे नुक्ते, म्हणजे टिंबं, एकदम देत सुटायची, त्यामुळे निम्मे नुक्ते शेजारच्या अक्षरावर जाऊन बसत. ते अक्षर वाचता येणारा माणूस जगात एकच होता.

चिठ्ठीची रीत ठरलेली. वर शब्द, मग अर्थ, मग तो शब्द ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य जसंच्या तसं. खाली साक्षीदाराचं नाव, मोहल्ला, तारीख. साक्षीदार नसेल तर शब्द कोशात नाही, मग तो कितीही गोड असो. उद्या कुणाकडे जायचं हे ठरलं की बदीआ कोऱ्या चिठ्ठीवर त्या बाईचं नाव आणि मोहल्ला आदल्या दिवशीच लिहून हुक्कात टाकायची. बायकांसमोर नाव लिहायला घेतलं की त्या चपापतात आणि पुस्तकी बोलायला लागतात, म्हणायची. बाकीचं घरी आल्यावर भरायची.

"उस्ताद, आज चार आहेत," ती कॉफीचा पेला ठेवताना सांगायची. लग्नानंतरही ती त्यांना उस्तादच म्हणत राहिली, पण त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे त्यांना कधी नीट कळलं नाही. "तिसरी वाचताना दार लावून घ्या. उम्म नूरीने सांगितलीय."

२

डिसेंबरात, चौक धुताना, साबणाच्या पाण्यावरून बदीआचा पाय सरकला. नारिंगाच्या झाडाखाली ती कुशीवर पडली आणि तशीच पडून राहिली. मांडीचं हाड कमरेच्या ज्या वाटीत बसतं, त्या वाटीलाही हुक्कच म्हणतात. डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "हुक्क फुटलाय." कण्हता कण्हता बदीआने नवऱ्याकडे पाहिलं. "लिहून घ्या," ती म्हणाली, "साक्षीदार शिकलेला आहे."

तीन आठवड्यांनी ती गेली. तिला बाब सगीरच्या कबरस्तानात ठेवून उस्ताद घरी आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी करून हुक्क उघडायला बसले. हुक्क रिकामा होता. तिसऱ्या दिवशीही. चाळीस दिवस ते रोज उघडत राहिले. रिकामी पेटी रोज उघडणं हा वेडेपणा आहे हे त्यांना कळत होतं, पण न उघडता सकाळ पुढे सरकत नव्हती.

काम अडलं होतं तेही नेमकं 'हुक्क' याच शब्दावर. उस्तादांकडे साक्षीदारांची एक वही होती. साक्षीदार वारला की त्याच्या नावापुढे लाल शाईने एक अक्षर काढायचं: अल्ला त्याच्यावर दया करो, याची खूण. त्यानंतर त्या नावाने नवी साक्ष घ्यायची नाही; जुनी चालेल, नवी नाही. वहीत बदीआच्या नावापुढची जागा कोरी होती. उस्तादांनी लाल शाईची दौत दोनदा उघडली आणि दोनदा बंद केली.

तोंडानेही ते म्हणत नव्हते. गेलेल्या माणसाचं नाव निघालं की 'अल्ला तिच्यावर दया करो' म्हणायचं असतं. त्याशिवाय नाव पुरं होत नाही. गल्लीतली पोरंटोरंही म्हणत होती. पलीकडच्या घरातली उम्म फव्वाझ डाळीचं सूप घेऊन आली तेव्हा तिच्या हे लक्षात आलं.

"बदीआ, अल्ला तिच्यावर दया करो, यात लिंबू जास्त पिळायची," ती म्हणाली आणि वाट पाहत थांबली.

"हो. बदीआ लिंबू जास्त पिळते," उस्ताद म्हणाले.

उम्म फव्वाझने पातेलं ठेवलं आणि डोक्यावरचा रुमाल सारखा करत निघून गेली.

चाळिसाव्याला मुलगी आली. रबाब, एकुलती एक, होम्सच्या मुईनला दिलेली, पाचवा महिना. पाय सुजलेले, तरी दिवसभर पाहुण्यांना कॉफी देत फिरत होती. संध्याकाळी बापाजवळ बसली.

"बाबा, चला माझ्याबरोबर. इथे एकटे काय करणार?"

"काम आहे."

"कोशाला पळून जायला पाय आहेत का? बांधून घेऊ. खोकी मुईन उचलेल, त्याला तेवढंच येतं."

उस्ताद हसले. चाळीस दिवसांत पहिल्यांदा. पण गेले नाहीत. आणि रबाब होम्सला परतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते केलं, जे एकतीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

त्यांनी एक चिठ्ठी घेतली. शब्द: हुक्क. अर्थ: ज्यात ठेवलेलं हरवत नाही अशी पेटी. वाक्य: 'हुक्कात ठेवलंय, जातंय कुठे!' हे बदीआचंच वाक्य होतं, दिवसातून दहादा म्हणायची, त्यात खोटं काही नव्हतं. खाली साक्षीदार: बदीआ बिन्त सलीम, कैमरिय्या मोहल्ला. आणि त्याखाली त्यांनी आजची तारीख घातली.

खोटी होती ती एवढी एक तारीख. तिचं नाव कोशात येणं थांबू नये, बाकी काही हेतू नव्हता. चिठ्ठी त्यांनी हुक्कात ठेवली आणि झाकण लावलं.

३

दुसऱ्या दिवशी कॉफी झाली. उस्तादांनी हुक्क उघडला. आत दोन चिठ्ठ्या होत्या.

त्यांची वर होती. तिच्याखाली दुसरी, पेन्सिलीने लिहिलेली. 'हुक्क: कोळ्याचं घर. वाक्य: दाराला हुक्क धरलाय, म्हणजे कुणी आलं ना गेलं. साक्षीदार: उम्म नूरी.' नुक्ते सगळे उजवीकडे सरकलेले.

बुद्धी लगेच धावून आली. जुनी चिठ्ठी. अस्तराच्या मखमलीखाली कधीतरी सरकली असेल, झाकण आपटल्याने बाहेर आली. हुक्काचं अस्तर त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं. ते चारही बाजूंनी घट्ट चिकटलेलं होतं.

मग तारीख पाहिली. कालची.

बराच वेळ ते चौकाकडे पाहत बसले. हौदाचं पाणी थंडीत बंद केलेलं, नारिंगाची पानं ओली. शेवटी त्यांनी स्वतःलाच दोषी धरलं. म्हातारा झालो, दुःखाने डोकं फिरलं; मीच उठून लिहिली असेन, तिचं अक्षर मला तिच्याइतकंच येतं. हे पटण्यासारखं होतं. पण उस्ताद पेनने लिहीत. पेन्सिल घरात एकच, बदीआची, हुक्काच्या कडेच्या खाचेत ठेवलेली, आणि तिला टोक नव्हतं. आजारपणात मोडलेलं तसंच होतं. त्यांनी ती उचलली. टोक ताजं होतं. खाचेत सालपटांचा थोडा भुगा पडला होता.

त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. घाबरायला हवं होतं. पण हुक्क रिकामा नव्हता, या एका गोष्टीने त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी चिठ्ठी कपाळाला लावली आणि तिथेच बसून रडले.

४

त्यानंतर रोज एक आली, कधी दोन. उस्तादांनी परीक्षा घेतली. मास्तर माणूस, दुसरं काय करणार! हुक्काभोवती दोरा गुंडाळला, गाठीवर मेण ओतलं. सकाळी मेण जागच्या जागी, दोरा ताठ, आत चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी उशाखाली हुक्क घेऊन दुपारची झोप काढली. उठले तेव्हा चिठ्ठी होती आणि उशीला ओल लागली होती. कापलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा रोज एकाने कमी होत होता; ते मोजायचं त्यांनी तिसऱ्या दिवशी सोडून दिलं.

शब्द एकच, हुक्क. अर्थ वेगवेगळे, आणि एकही चुकीचा नाही. ग्रंथांत ज्यांचा नुसता उल्लेख आहे आणि कुणाच्या तोंडून ऐकू येत नाहीत असे अर्थ, वाक्यासकट. कोशकाराला यापेक्षा मोठं सुख नाही. उस्ताद सकाळी उठून दाढी करू लागले, कॉफीत वेलदोडा घालू लागले.

मग ही आली: 'हुक्क: जमिनीतला खळगा, कुशीवर झोपलेलं माणूस मावेल एवढा. वाक्य: माझा हुक्क अरुंद झाला गं, शेजारणीचा बघ कसा ऐसपैस आहे. साक्षीदार: सनिय्या, न्हाव्याची बायको. बाब सगीर.'

चिठ्ठीच्या घडीत माती होती. बारीक, लालसर, ओली.

उस्ताद उम्म फव्वाझच्या दारात उभे राहिले. ती वांगी भरत होती.

"न्हाव्याची बायको सनिय्या. ओळखता?"

"अय्या, तिला कोण नाही ओळखत! सासूशी भांडायची तर तीन गल्ल्या ऐकायच्या. आपल्या बदीआशी, अल्ला तिच्यावर दया करो, फार जमायचं."

"कुठे राहते आता?"

उम्म फव्वाझने हातातलं वांगं खाली ठेवलं. "उस्ताद, ती जाऊन चार वर्षं झाली. तुम्ही स्वतः जनाज्याला गेला होतात."

"आणि उम्म नूरी?"

"गेल्या वसंतात. बसा हो तुम्ही. रंग उडालाय तुमचा. मी पाणी आणते."

ते बसले नाहीत. घरी येऊन त्यांनी वही काढली आणि आलेल्या चिठ्ठ्यांवरचं एकेक नाव शोधलं. अकरा नावं. अकराही नावांपुढे लाल अक्षर होतं, त्यांच्याच हातचं.

म्हणजे बदीआचं काम चालूच होतं. रोज तयार होऊन, पेन्सिल घेऊन, ती तिथल्या बायकांकडे जात होती, त्यांच्याजवळ बसत होती, विचारत होती: तुम्ही याला काय म्हणता? कुणी तिला सांगितलंच नव्हतं की आता थांब. ज्याने सांगायला हवं होतं त्याने उलट, ताजी तारीख घालून, तिला कामावर ठेवलं होतं.

५

माणूस किती लोचट असतो! हे सगळं कळल्यावरही उस्तादांनी लाल शाई उघडली नाही. दुसऱ्या सकाळी एक चिठ्ठी लिहिली, कोशाची नव्हे: 'बदीआ, कशी आहेस? दुखतं का अजून?' आणि हुक्कात ठेवली.

चिठ्ठी तशीच राहिली. तिच्याशेजारी नवी आली, शब्द, अर्थ, वाक्य, साक्षीदार. नवऱ्यासाठी एक अक्षर नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं: 'मला इथे फार एकटं वाटतं.' त्यालाही उत्तर आलं नाही. आयुष्यभर त्यांनी तिला फक्त शब्द मागितले होते. ती तेवढेच देत होती. हे लक्षात आलं तेव्हा त्यांना जे वाटलं ते भयापेक्षा वाईट होतं.

आवाज याच दिवसांत सुरू झाला. भर दुपारी, उन्हात. चौकाच्या फरशीवर एक पाऊल, मग काहीतरी घासत ओढल्याचा आवाज. पुन्हा एक पाऊल, पुन्हा ओढणं. ते खिडकीशी जात तोवर थांबायचा. फरशी कोरडी असायची, फक्त नारिंगाच्या झाडापासून देवडीपर्यंत मधे मधे ओले ठिपके. ती पडली होती तिथून दारापर्यंत. ते तसेच उभे राहायचे आणि मनात म्हणायचे, हळू गं, सांभाळून.

रबाबचा फोन गल्लीच्या तोंडावरच्या हिकमत औषधवाल्याकडे यायचा. एकदा ती म्हणाली, "बाबा, सातवा लागला. पोर इतकं लाथा मारतंय की मुईन म्हणतो हा पुढे वकील होणार. तुम्ही केव्हा येताय?"

"येतो. हा एक शब्द संपू दे."

"अजून हुक्कच? दोन महिने? आईने, अल्ला तिच्यावर दया करो, तुम्हाला कान धरून पुढच्या शब्दावर नेलं असतं."

"हो," उस्ताद म्हणाले. "नेलं असतं."

६

मंगळवारी सकाळी हुक्कात एकच चिठ्ठी होती, जवळजवळ कोरी. वरचा शब्द नाही, अर्थ नाही, वाक्य नाही, तारीख नाही. फक्त खाली, सरकलेल्या नुक्त्यांसह: 'साक्षीदार: रबाब बिन्त वस्फी. होम्स.'

उद्या कुणाकडे जायचं त्याची चिठ्ठी ती आदल्या दिवशी टाकायची. म्हणजे आज ती निघाली होती.

आतापर्यंतच्या सगळ्या साक्षीदार जिथे होत्या, तिथलं हे नाव नव्हतं. बूट न घालता, घरातल्या सपातांवर ते गल्लीतून पळत हिकमतच्या दुकानात आले. होम्सची लाइन लागायला वीस मिनिटं गेली. हिकमतने खुर्ची पुढे केली. ते उभेच राहिले.

फोन रबाबच्या सासूने घेतला. "भाऊ, तुम्हाला कळवणारच होतो. पहाटे तिला फार रक्त गेलं. इस्पितळात नेलंय. डॉक्टर म्हणतात अजून दिवस भरले नाहीत, पण पोराला काढावं लागेल." ती रडत होती. "शुद्ध नाही तिला. डोळे मिटलेले, पण सारखी बोलतेय. उशाशी कुणीतरी बसलंय म्हणते. कशाला काय म्हणतात, या घरात याला काय म्हणता, त्या घरात काय, असलं काहीतरी सांगत सुटलीय. मुईन म्हणतो लहानपणी आईबरोबर फिरायची त्यातलं असेल."

"तिला सांगा, काही सांगू नको," उस्ताद ओरडले. "तिला म्हणावं गप्प राहा!"

लाइन तुटली होती.

घरी येऊन त्यांनी ती चिठ्ठी शेगडीत घातली. ती जळून राख झालेली पाहिली. मग हुक्क उघडला. चिठ्ठी आत होती, आणि आता वर शब्द होता: हुक्क. त्यापुढे दोन टिंबं. त्यापुढे: 'पोर जिथे गुडघे पोटाशी घेऊन'.

एवढंच. पण ते पाहत असतानाच, देवडीच्या बाजूने, कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला. त्यांना तो एकतीस वर्षं माहीत होता. बदीआ चिठ्ठी भिंतीवर टेकवून लिहायची, म्हणून तिच्या पेन्सिलीला एक खरखर असायची.

देवडी चौकापेक्षा अंधारी. भिंतीकडे तोंड करून, एका पायावर भार देऊन, तपकिरी कोट घातलेली एक बाई उभी होती. दुसरा पाय कमरेपासून बाहेरच्या बाजूला लोंबत होता. डोक्यावरचा रुमाल नेहमीसारखा एका बाजूला ढळलेला. तो सारखा करायला उस्तादांचा हात आपोआप उचलला गेला. ती लिहीत होती. मान थोडी कलती, कुणीतरी सांगतंय आणि ती ऐकतेय अशी.

"बदीआ," ते म्हणाले.

पेन्सिल थांबली. ती ऐकत होती. त्या एका क्षणात त्यांना कळलं की 'आत ये, कॉफी ठेवतो' एवढंच म्हणायचा अवकाश आहे, ती आत येईल. लंगडत येईल, बसेल, उद्याही बसेल. त्यांना ते इतकं हवं होतं की छाती दुखायला लागली.

वही टेबलावर होती. ते बदीआकडे पाठ न करता मागे मागे गेले, दौत उघडली. लाल शाई सांडली, बोटं भरली. बदीआ बिन्त सलीम, या नावापुढे त्यांनी ते अक्षर काढलं. मग त्यांना वाटलं, नुसतं लिहून भागणार नाही. ऐकू जायला हवं.

समोर उभ्या असलेल्या बायकोला 'तिच्यावर' म्हणायचं, हे जगात कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"माझी बायको बदीआ," उस्ताद मोठ्याने म्हणाले, "अल्ला तिच्यावर दया करो."

ती वळली नाही. फक्त तिचे खांदे खाली आले, वर्गात एखाद्या हुशार मुलीला कारण नसताना छडी बसावी आणि तिने का म्हणून विचारू नये, तसे. मग तिच्या जागी नुसती भिंत दिसली, आणि भिंतीशेजारचं दार. दाराला आतून कडी होती.

७

गुरुवारी दुपारी हिकमतने बोलावणं पाठवलं. उस्ताद गेले. दोन दिवसांत ते जेवले नव्हते आणि हुक्क त्यांनी उघडला नव्हता.

"बाबा." रबाबचा आवाज खोल गेलेला, पण तिचाच. फोन मुईनने इस्पितळातून जोडून दिला होता. "मुलगी झाली. कबुतराएवढी आहे. काचेच्या पेटीत ठेवलीय, पण डॉक्टर म्हणतात जगेल. मीही जगेन म्हणतात, तुम्ही रडू नका."

"मी रडत नाहीये."

"मला ऐकू येतंय. बाबा, एक सांगू? मुईनला सांगितलं तर तो डॉक्टरला बोलावेल. मंगळवारी आई आली होती. उशाशी बसली. चिठ्ठी होती हातात. म्हणाली, 'रबाब, मला एकच सांग, मग आपण दोघी निघू.' काय विचारलं ते आठवत नाही, पण मला उत्तर माहीत होतं. मी सांगतच होते. इतकं बरं वाटत होतं सांगताना, कुठेच दुखत नव्हतं."

उस्तादांनी फोनची तार मुठीत धरली. हिकमत काउंटरमागे बाटल्या पुसायला लागला.

"मग तिने एकदम मान वर केली, कुणी हाक मारल्यासारखी. आणि तिचा चेहरा, बाबा! लहानपणी मी बाजारात तिचा हात सोडला होता ना, तेव्हा झाला होता तसा. पेन्सिल ठेवली तिने. मला म्हणाली, 'उस्ताद असं का म्हणाले मला?' दोनदा विचारलं. मग उठली. मी म्हटलं थांब, तर माझ्याकडे तिने पाहिलंच नाही." रबाबचा आवाज फुटला. "तुमच्याबद्दलच विचारत होती. आणखी कुणाला ती 'उस्ताद' म्हणते? काय म्हणालात तुम्ही तिला?"

दुकानात औषधांचा वास होता. बाहेर गाढवावरून कोबी विकणारा ओरडत चालला होता.

"अल्ला तिच्यावर दया करो, म्हणालो," उस्ताद म्हणाले.

"एवढंच?" रबाबला काही समजेना. "ते तर आम्ही सगळे ती गेल्यापासून म्हणतोच आहोत, बाबा."

"तुम्ही म्हणत होता," ते म्हणाले. "मी नव्हतो म्हणत."